एका चाकाची डोली

आमच्या वाडीत सायकल कधी आली नाही, पण सायकलचं चाक आलं. एकच. वडिलांनी ते महाडला जुन्या सायकली मोडणाऱ्याकडून आणलं, एसटीतून उतरून खांद्याला अडकवलं आणि सगळी चढण चढून वर आणलं. वाटेत जो भेटला त्यानं एकच विचारलं, बाकीची सायकल कुठंय? वडील प्रत्येकाला सांगत होते, मागनं चालत येते.

आमची वाडी म्हणजे बौद्धवाडी. पोलादपूरहून कुडपणच्या अंगाला डोंगरात मोठं गाव, आणि गावाच्या खाली वहाळ ओलांडून आम्ही. घरं अकरा. चालत्या हातापायांची माणसं मुंबईला. ती गणपतीला नाहीतर शिमग्याला दिसायची, एरवी त्यांची पत्रं दिसायची. वाडीत राहिलेले पुरुष चार : माझे वडील, दोन म्हातारे आणि एक दम्याचा.

वडीलही आधी मुंबईलाच होते, गोदीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये हेल्पर. तिथं त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेली आणि ते घरी आले. येताना एक पत्र्याची पेटी आणली. तिच्यात पाने, पक्कड, कानस, करवतीची पाती. चौथी शिकलेला माणूस, पण कुठलीही वस्तू हातात घेतली की ती आहे तशी का आहे, हे त्यांना छळायचं.

त्यांनी पहिलं काय केलं असेल तर वहाळावर एक बांबू टांगला. बांबूत पाणी भरलं की तो खाली झुके, पाणी सांडलं की उलटा जाई आणि मागच्या टोकानं रॉकेलच्या डब्यावर आपटे. रानडुकरं पळावीत म्हणून. दहा-बारा दिवसांत डुकरांना त्याची सवय झाली, वाडीला झाली नाही. बायकांनी एक दिवस तो डबाच काढून नेला. मग त्यांनी पावसात डोक्यापाठीवर घ्यायच्या इरल्याला पन्हळ लावली, लावणी करताना मानेवर पाणी ओघळू नये म्हणून. पाणी मानेवर पडायचं थांबलं आणि शेजारी लावणाऱ्या बाईच्या कानात पडू लागलं. चुलीला पायानं हलवायचा भाता केला, त्यानं राख उडून भाकरीवर बसली. आई ती भाकरी झटकून खायची आणि म्हणायची, चूल तर पेटली ना.

मी आमच्या घरातला पहिला बी.ए. हे मी आजही सांगतो, लाजत नाही. ज्या घरात सहीऐवजी अंगठा उठायचा तिथून मी महाडच्या कॉलेजात गेलो, होस्टेलवर राहिलो, पास झालो. पण लाज वाटण्याच्या गोष्टी वेगळ्या होत्या, आणि त्यातली एक म्हणजे वडिलांची ही खटपट. मुंबईहून आलेली पोरं त्यांना ‘इंजिनेर चाचा’ म्हणायची. त्यातली थट्टा वडिलांना कळत नसेल असं नाही. ते हसून ‘बोला’ म्हणायचे.

कॉलेजच्या लायब्ररीत मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. जगभरातल्या तऱ्हेवाईक शोधांचं, चित्रांसकट. मी ते डिक्शनरी घेऊन वाचायचो. झोपलेल्या माणसाला ठरल्या वेळी पलंगावरून खाली ओतणारं घड्याळ. समोरून बाई आली की आपोआप उचलली जाणारी टोपी. बुद्धिबळ खेळणारं यंत्र, ज्याच्या पोटात खरं तर एक माणूस दडवलेला असे. कुणी नुसतेच कागदावर काढलेले उडते रथ, आपल्याकडच्या गोष्टींतल्या कळ दाबली की आकाशात जाणाऱ्या लाकडी घोड्यासारखे. सुट्टीत घरी आलो की मी हे वडिलांना सांगायचो. मनातून मला वाटायचं, ऐकून त्यांनाच कळेल की असल्या खटपटी करणारे वेडे असतात.

त्यांना भलतंच कळायचं. वेडे वगैरे त्यांच्या डोक्यातही यायचं नाही. प्रत्येक यंत्राबद्दल ते एकच विचारायचे, “मोडलं कुठं?” पलंगाच्या घड्याळात त्यांना माणूस पडताना डोकं कुठल्या बाजूला असेल ही काळजी. बुद्धिबळाच्या यंत्राचं ऐकून म्हणाले, आत बसलेल्याची पाठ किती दुखली असेल.

परदेशातल्या एका शिंप्यानं पंखांचा कोट शिवला, उंच लोखंडी मनोऱ्यावर चढला आणि उडी मारली, तो सरळ खाली पडून मेला, हे मी सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. मग विचारलं, “बरोबरच्या माणसांनी त्याला सांगितलं नाय?”

“सांगितलं होतं,” मी म्हटलं. “आधी बाहुल्याला घालून बघ म्हणाले होते.”

“मग?”

“त्यानं ऐकलं नाही.”

“शिकलेला असंल,” वडील म्हणाले. आई हसली. मला ते लागलं, पण मीही हसलो.

तर चाक. ते आणण्यामागं एक कारण होतं. डोंगरातल्या वाडीत आजारी माणूस खाली सडकेला न्यायचं म्हणजे डोली करायची. एका लांब बांबूला घोंगडी नाहीतर लुगडं बांधायचं, त्यात माणूस निजवायचा, पुढं दोघं, मागं दोघं. वाट तीन तासांची, म्हणून खांदा बदलायला आणखी चौघं. म्हणजे आठ खांदे. आमच्याकडे चार, तेही सांगितले तसले. वरच्या गावाला खांदा मागायचा तर मागता यायचा. पण आमच्या माणसाच्या डोलीला त्यांनी खांदा लावल्याचं कुणाला आठवत नव्हतं आणि आमच्यातल्या कुणी मागितल्याचंही आठवत नव्हतं. आदल्या पावसाळ्यात वाडीतली एक म्हातारी पाय मोडून पडली. मुंबईची पोरं गणपतीला येईपर्यंत ती घरातच पडून राहिली. नंतर पाय वाकडा जुळला तो जुळलाच.

वडिलांनी त्यावर हे काढलं. दोन बांबू, मधे झोळी, आणि झोळीच्या खाली मधोमध लोखंडी पट्ट्यांत बसवलेलं ते चाक. सगळा भार चाकावर. पुढं एक माणूस, मागं एक माणूस, त्यांनी फक्त तोल धरायचा. ट्यूब काट्यांनी टिकणार नाही म्हणून टायरच्या आत काथ्या ठासून भरला. झोळीसाठी आईनं आपलं जुनं लुगडं दुहेरी शिवून दिलं. म्हणजे आठांचं काम दोघांत, आणि कुणाच्या दारात जायला नको. हे शेवटचं ते मोठ्यानं बोलले नाहीत, पण मुद्दा तोच होता.

गणपतीत खळ्यावर ती पहिल्यांदा चालवली. बसायला कोणी तयार होईना. जित्या माणसानं आडवं होऊन बांबूवर जायचं, तेही भंगारातल्या चाकावर, हे बायकांना अशुभ वाटलं. शेवटी आई पदर खोचून आत जाऊन निजली. वडील पुढं, दम्याचा शेजारी मागं. खळ्याला तीन फेऱ्या झाल्या. मुंबईची पोरं टाळ्या वाजवत ‘हेलिकॉप्टर, हेलिकॉप्टर’ ओरडत मागून पळाली. आई झोळीत लहान पोरीसारखी हसत होती.

“गुदगुल्या होतात गो,” ती बायकांना सांगत होती. “बसून तर बघा.”

कोणी बसलं नाही. मी तर ओटीवरून खालीही उतरलो नाही. त्या वर्षापासून ते चाक आमच्या पडवीत भिंतीला उलटं टांगलेलं राहिलं. वडील दर महिन्याला त्याला तेल घालायचे. वाडीत कुणी आजारी पडलं की जाऊन विचारायचे. लोक म्हणायचे, बघू, बरं वाटतंय आता.

मी पास झालो तेव्हा वरच्या गावानं मला शाळेच्या झेंडावंदनाला बोलावलं. खुर्ची दिली, नारळ दिला. माझ्या वडिलांना ज्या अंगणाच्या कडेला उभं राहून हाक मारावी लागायची, त्या अंगणातली माणसं मला ‘या, बसा’ म्हणाली. पुढं मी महाडला हायस्कूलमध्ये लागलो तेव्हा ‘मास्तर’ म्हणू लागली. मी ते सगळं खरं धरलं. खोटं होतं असंही नाही म्हणणार मी. खुर्चीपुरतं ते खरं होतं.

आई आजारी पडली ती लावणीच्या दिवसांत. शनिवारी दुपारी मी घरी आलो होतो. रविवारी पहाटेपासून तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. वहाळाचं गढूळ पाणी, दरवर्षी कुणाला तरी व्हायचं. पण सहा वाजेपर्यंत तिचे डोळे आत गेले आणि हातापायांत गोळे येऊ लागले. मीठ-साखरेचं पाणी दिलं तर तेही बाहेर.

वडील पडवीत गेले आणि त्यांनी चाक खाली काढलं. दम्याच्या शेजाऱ्याला हाक मारली. मग मला म्हणाले, “मागची मूठ तू धर. आताच निघू.”

मी म्हटलं, नाही.

काय काय बोललो ते सगळं आठवतं. ते विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. आईला पोत्यासारखी चाकावरून नेणार नाही, म्हटलं. पोलादपूरच्या रस्त्यावर लोक बघतील. मी या गावातला शिकलेला माणूस आहे, वरून आठ माणसं आणतो, माझ्या शब्दाला येतील. आजवर कुणी मागितलं नाही म्हणून कुणी दिलं नाही, असंही म्हटलं. आणि हे मला नुसतं बरोबर वाटत नव्हतं, मोठं वाटत होतं. आमच्या बाईच्या डोलीला त्यांचा खांदा लागायलाच हवा, इथपर्यंत माझं डोकं गेलं होतं. आतल्या खोलीत आई कण्हत होती.

वडील म्हणाले, “खांदा ते मेल्यावर पण देतील रे. आता ती जिती हाय. चाक धर.”

“अर्ध्या तासात येतो,” मी म्हटलं आणि वहाळ ओलांडला.

वर कुणी नाही म्हणालं नाही. हे मला नीट लिहायचं आहे, कारण नाही म्हणाले असते तर मी दहा मिनिटांत परत आलो असतो. सगळे शेतात होते. मी बांधावर उभा राहून सांगितलं, त्यांनी माना वर करून ऐकलं. एकजण म्हणाला, “येतो मास्तर, तुम्ही व्हा पुढं. एवढं आवण उपटून पडलंय, ते लावतो नि येतो.” उपटलेली रोपं तशीच टाकता येत नाहीत, उन्हात सुकतात, हे मलाही माहीत होतं. दुसऱ्या बांधावर तेच. तिसऱ्या बांधावर मला तंबाखू विचारली, आईचं वय विचारलं. मी प्रत्येक ठिकाणी थोडा थांबलो. घाई करणं मला कमीपणाचं वाटत होतं.

घरी आलो तेव्हा आठ वाजून गेले होते. वडील चाकाजवळ उकिडवे बसलेले. मी सांगितलं, येताहेत. नऊ वाजता उठून आत आईजवळ गेले, परत बाहेर आले. दहा वाजता एवढंच म्हणाले, “निघूया का?” मी म्हटलं, आता बोलावलंय, आपण निघून गेलो तर काय म्हणतील? पुन्हा कधी येतील का?

साडेअकराला चौघे आले. आठ नाही, चार. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. मी लगेच साधी डोली बांधली. त्यांनी खांदे लावले, आमच्या वाडीच्या डोलीला पहिल्यांदा. खरंच सांगतो, ती डोली उचलली गेली तेव्हा माझी छाती भरून आली. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि आपण काहीतरी करून दाखवलं असं मला वाटलं.

वाट निसरडी. त्या दिवशी पाऊस नव्हता, पण आदल्या दिवसांचा चिखल होता. चौघेच असल्यामुळे खांदा बदलायला मी आणि दम्याचा शेजारी. त्याला दोनशे पावलांत धाप लागायची. दर थोड्या वेळानं डोली खाली ठेवावी लागे. वडील मागून येत होते, रिकामं चाक घेऊन. कुणी त्यांना आणायला सांगितलं नव्हतं. चाकाला धरायला दोघं लागतात, पण रिकामं असल्यामुळे ते एकट्यानं रेटत होते. आम्ही उतारावर थांबायचो आणि मागून त्या चाकाची कुरकुर जवळ यायची. मग तीही थांबायची. आम्ही उठलो की पुन्हा सुरू. सबंध वाटेत ते चाक आमच्या मागं येऊन थांबत राहिलं.

एका ठिकाणी डोली टेकवली तेव्हा आईनं डोळे उघडले. पुढच्या गड्याला म्हणाली, “दादा, दमलात का?” तो म्हणाला, नाय दमलो, वैनी, पडून राहा. त्यानं तिला वैनी म्हटलं. ती मग माझ्याकडे वळली. आवाज अगदी बसलेला.

“त्यांचं चाक कुठं हाय?”

“मागं येतंय,” मी म्हटलं.

“त्याच्यात बरं होतं रे,” ती म्हणाली. “दचके नाय बसत.”

तरीही मी तिला चाकात घातलं नाही. आता चौघे इथवर आले आहेत, त्यांच्या खांद्यावरून काढून घेणं बरं दिसेल का, असं काहीतरी मनात आलं.

सडकेला लागलो तेव्हा साडेतीन. एक टेम्पो मिळाला, पोलादपूरला चार वाजता पोचलो. डॉक्टर भला माणूस होता. सलाईन लावायला शीर मिळेना, दोन्ही हातांना बघितली, पायाला बघितली. मिळाली तोवर उशीर झाला होता. सहा वाजायच्या आत आई गेली.

डॉक्टरनं कागद लिहिताना विचारलं, घरून कधी निघालात? मी म्हटलं, सकाळीच निघालो, पण पाऊस फार होता वाटेत. त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात कोरडं ऊन पडलं होतं. माझ्या शेजारी वडील उभे होते, हाताला चाकाचं ग्रीस लागलेलं.

“गाव लांब हाय, सायब,” ते म्हणाले. डॉक्टरनं तेच लिहिलं असावं.

त्यानंतर ते मला या गोष्टीवरून कधी बोलले नाहीत. बोलावेत म्हणून मी दर रविवारी जात असे, आणि ते मला इरल्याची नवी पन्हळ दाखवत. चाक पुन्हा पडवीत टांगलं गेलं, पण तेल घालणं त्यांनी सोडलं होतं. मी एकदा घालू लागलो तर म्हणाले, राहू दे.

त्या दिवसांत मी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन ते जाड पुस्तक पुन्हा काढलं. विद्यार्थी असताना मी अर्धंच वाचलं होतं, हसू येईल तेवढंच. मागच्या भागात एक चित्र होतं. चीनमधली एकचाकी गाडी, मधोमध मोठं चाक, आणि दोन्ही बाजूंना माणसं बसलेली. खाली लिहिलं होतं की अरुंद डोंगरवाटांवर ती शेकडो वर्षं वापरात होती. त्या पुस्तकातला तेवढा एकच शोध कुणी हसण्यासाठी छापलेला नव्हता. मी ते पान वडिलांना दाखवायला न्यायचं ठरवलं आणि नेलं नाही. कुठल्या तोंडानं नेणार?

पुढच्या वर्षी, लावणी उरकल्यावर, एक माणूस सकाळीच वहाळ उतरून आमच्या अंगणात आला. आईला वैनी म्हणालेला तोच. अंगणाच्या कडेलाच थांबला, जसे आम्ही त्यांच्याकडे थांबायचो. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना आदल्या दिवसापासून छातीत दुखत होतं. वर माणसं नाहीत, म्हणाला. त्याचे दोन्ही भाऊही आता मुंबईला गेले होते.

“ते चाक हाय का अजून?” त्यानं विचारलं. माझ्याकडे न बघता.

मला वाटलं वडील काहीतरी बोलतील. बोलायला जागा होती. ते उठले, चाक उतरवलं, फिरवून बघितलं, तेलाची बाटली आणायला आत गेले. तेल घालताना एवढंच विचारलं, म्हाताऱ्याचं वजन किती असंल. झोळी आईच्या लुगड्याचीच होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी ओढून तपासली.

मग मला म्हणाले, “मागची मूठ तू धर.”

मी धरली. वडील पुढं, मी मागं, म्हातारा मधे आणि त्याचा मुलगा बाजूनं छत्री घेऊन. एकदाही खाली ठेवायची वेळ आली नाही. जिथं आम्ही डोली घेऊन घसरलो होतो तिथं चाक नुसतं कुरकुरलं आणि पुढं गेलं. जिथं आई बोलली होती तिथून आम्ही न थांबता गेलो. ओढ्याच्या दगडांवर तेवढं उचलावं लागलं. म्हातारा मधून मधून विचारत होता, कुठं आलो रे? त्याचा मुलगा प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा बरंच पुढचं ठिकाण सांगत होता.

सडकेवर जीप मिळाली. बापलेक गेले. म्हातारा पुढं दोन वर्षं जगला.

आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. वडिलांनी चाकाला लागलेला चिखल काडीनं काढला. मग विचारलं, “किती लागले?”

मी मनगट पुढं केलं. त्यांना घड्याळ वाचता यायचं, वर्कशॉपमध्ये शिकले होते. आम्ही सात वाजता निघालो होतो, हे त्यांनाही माहीत होतं. काटा नऊच्या जरा पुढं होता. ते माझा हात धरून त्याच्याकडे बघत राहिले, एवढा वेळ की मला वाटलं आता विचारतील.

त्यांनी हात सोडला आणि उठले. बांबूच्या पुढच्या टोकाकडे बोट केलं.

“जाताना चढ हाय,” ते म्हणाले. “आता पुढं तू हो.”